चंद्रकोर आणि सुट्ट्यांची यादी

वर्ष सरत आलं की सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना निघते आणि पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्या ठरतात. वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयापासून मानोरा तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत सगळ्यांचं वर्ष त्या यादीवर बेतलेलं असतं. यादीत मुस्लिम सण चार: रमझान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद. या सुट्ट्या आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या येतात कुठून, हे कोणी विचारत नाही.

त्या येतात हुंडी-धनादेशांच्या कायद्यातून. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 25 नुसार हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपली तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय होते. मग सार्वजनिक सुट्टी कोणती, हेही कायद्याला सांगावं लागलं. मूळ मजकुरात नावानिशी होते ते रविवार, नववर्षाचा पहिला दिवस, नाताळ आणि गुड फ्रायडे. दिवाळी नव्हती, ईदही नव्हती. सरकार अधिसूचनेने जाहीर करील ते इतर दिवस, एवढीच सोय होती. म्हणजे आपले सगळेच सण एकाच दाराने यादीत आले. केंद्राने 1968 मध्ये हा अधिकार राज्यांकडे सोपवला. ईदची सुट्टी ही कुणा एका समाजाला दिलेली खास सवलत आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

अर्थात सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्कही नाही. दादरा आणि नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची सुट्टी मागणाऱ्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये हेच सांगितलं. सुट्टी देणं सरकारच्या धोरणावर असतं आणि धोरण बदलतं. 1990 मध्ये पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी प्रेषितांच्या जयंतीची सुट्टी जाहीर केली. 2017 मध्ये उत्तर प्रदेशने 15 सुट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या, त्यात हीच जयंती होती. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दोन्ही ईदांची सुट्टी मिळायला 2015 साल उजाडावं लागलं, तेही पालकांनी अनेक वर्षं मागणी लावून धरल्यावर. मंगरुळपीरच्या दर्ग्यात मन्नत मागायला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात, त्या आपल्या मुलखात ईदला सुट्टी असावी का, हा प्रश्न केव्हाच सुटला आहे.

सुटलेला नाही तो तारखेचा प्रश्न. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक मास येऊन सण ऋतूला बांधून ठेवतो. हिजरीत तशी सोय नाही. त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. 2000 मध्ये रमझान ईद जानेवारीत आली आणि पुन्हा डिसेंबरातही. 2033 मध्ये तसंच होईल. त्यात महिना 29 चा की 30 चा, हे चंद्रकोर दिसल्यावर ठरतं. छापील यादी निघते तेव्हा तो चंद्र कित्येक महिने दूर असतो.

रमझानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. ‘चांद दिसला का?’ ‘उद्या शाळा आहे की नाही?’ ‘पेपर पुढे ढकलायचा का?’ मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना विचारतात, केंद्रप्रमुख वर विचारतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना सकाळी तांदूळ किती भिजवायचा ते कळत नाही. उर्दू शाळांचं त्या मानाने बरं. रमझानमध्ये सकाळची शाळा आणि सुट्ट्यांची वेगळी आखणी तिथे रुळलेली आहे. अडचण होते ती मराठी शाळेतल्या मुस्लिम मुलांची. यादीतली सुट्टी एका दिवशी, ईद दुसऱ्या दिवशी; मग शीरखुर्मा सोडून चाचणीला बसायचं की गैरहजेरी लावून घ्यायची? दहा वर्षांच्या मुलावर ही निवड लादणं बरं नव्हे.

सरकार तारखा बदलतं, पण नजर मुंबईवर असते. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबरला एकत्र आले. मुस्लिम संघटनांनी जुलूस स्वतःहून पुढे ढकलला आणि सरकारने 29 ची सुट्टी दिली. 2025 मध्ये मात्र सुट्टी 5 वरून 8 सप्टेंबरला गेली ती फक्त मुंबई शहर आणि उपनगरात. तुमच्या-माझ्या जिल्ह्यात ती 5 लाच राहिली, शिक्षकदिनी. त्याच वर्षी रमझान ईद 31 मार्चला आली, आणि वर्षअखेरीच्या हिशेबासाठी रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका त्या दिवशी उघड्या ठेवायला लावल्या.

आणि समजूतदारपणाची वानवा मुळीच नाही. 2023 ची बकरी ईद आषाढी एकादशीलाच आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. पुढची दोन वर्षं मोहरम आषाढीलाच आला. गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोडवरून पंढरपूरला जाते ती याच आषाढीसाठी. लोक एकमेकांना सांभाळून घेतात, वेळापत्रकानेही घ्यावं.

आता रमझान फेब्रुवारी-मार्चात सरकतो आहे. 2026 ला तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, 2027 ला त्याहून दहा दिवस आधी. म्हणजे पुढची काही वर्षं दहावी-बारावीची मुलं रोजे ठेवून पेपर लिहिणार. तारखेच्या घोळावर उतारा म्हणून पाहावं, तर जिल्हाधिकाऱ्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात, पण विदर्भात त्यांतली एक बहुधा पोळ्याला जाते, तेव्हा त्यांच्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. उपाय साधा आहे आणि त्याला एक दिवसही जादा सुट्टी लागत नाही: यादीतल्या ईदच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी कोणतीही परीक्षा ठेवू नये, आणि चंद्र दिसताच सुट्टी बदलण्याचा निर्णय रात्री नऊच्या आत जिल्ह्यातूनच कळवावा. मुख्याध्यापकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक दिवाळीनंतर तुमच्याच हातून तयार होईल. तेवढे दोन रकाने कोरे ठेवा.