एक ड्राइव्ह ओढून बघा

सर्व्हरला रेड म्हटलं की वेगळं कार्ड आणि कार्डावर बॅटरी, हे समीकरण वर्षानुवर्षं पक्कं होतं. फिरत्या डिस्कच्या काळात ते चाललंही. एनव्हीएमई ड्राइव्ह आले आणि कार्डच अडसर ठरू लागलं. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवर एक ड्राइव्ह चार लेन घेतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 4 जीबी. असे चार ड्राइव्ह आठ लेनच्या कार्डामागे बसवले, तर निम्मा वेग तिथेच अडतो. 2017 मध्ये इंटेलने झिऑन स्केलेबल प्रोसेसरांबरोबर व्हीरॉक आणलं. यात ड्राइव्ह थेट प्रोसेसरला जोडायचे आणि रेडचा हिशेबही प्रोसेसरनेच करायचा.

कामाला सुरुवात होते ती सर्व्हरचं झाकण उघडून. मदरबोर्डावर चार पिनांची एक जागा असते, तिथे छोटीशी की बसवायची. स्टँडर्ड कीवर रेड 0, 1 आणि 10 मिळतात. 5 हवं असेल तर प्रीमियम की लागते. ऑर्डर देतानाच हे बघून घ्यावं. मग बायोसमध्ये जाऊन ज्या पोर्टांना ड्राइव्ह जोडलेत, तिथे व्हीएमडी चालू करायचं. प्रोसेसरमधला हा भाग ड्राइव्हचा ताबा घेतो. चालू सर्व्हरमधून ड्राइव्ह निघाला तरी सिस्टिम कोलमडू नये, याची काळजी तोच वाहतो.

लिनक्सवर पुढचं काम एमडीॲडमचं. आधी चारही ड्राइव्हचा कंटेनर, मग त्याच्या आत व्हॉल्यूम. 3.84 टीबीचे चार ड्राइव्ह रेड 5 मध्ये घातले की 11.52 टीबी हाती येतात. एका ड्राइव्हएवढी जागा पॅरिटीला जाते. आज्ञा दोनच, त्यामुळे काम झालं असं वाटतं. खरा विचार करायचा असतो तो इथून पुढे.

पहिला प्रश्न विजेचा. इथे बॅटरीवाली कॅश नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा नवा आणि पॅरिटी जुनी राहू शकते. त्यातच एखादा ड्राइव्ह दगावला, तर त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचाच डेटा परत मिळतो, आणि तोही कुणाच्या लक्षात न येता. यावर उपाय म्हणजे पीपीएल, पॅरिटीची आंशिक नोंद आधी लिहून ठेवण्याची सोय. लिहिण्याचा वेग बराच घटू शकतो, पण डेटाबेस ठेवायचा असेल तर ती चालू केलेली बरी. ड्राइव्हही वीज गेल्यावर आपली कॅश सांभाळणारे, कपॅसिटर असलेलेच घ्यावेत.

दुसरा प्रश्न बिघाडाचा. सर्व्हर ताब्यात देण्याआधी, त्यावर खरा डेटा नसताना, एक ड्राइव्ह सरळ ओढून काढायचा. स्थिती दाखवणाऱ्या ओळीत चार ‘यू’ असतात. त्यातल्या एकाच्या जागी आडवी रेघ येते. व्हॉल्यूम चालू राहिला का? इशाऱ्याचा मेल आला का? त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये पत्ता घातलेला असावा लागतो. कोरा ड्राइव्ह बसवल्यावर पुनर्बांधणी आपोआप सुरू होईलच असं नाही. तसा नियम आधी लिहून ठेवावा लागतो, नाहीतर नवा ड्राइव्ह कंटेनरमध्ये हाताने जोडावा लागतो. मग टक्केवारी सरकू लागते, आणि चौथा ‘यू’ परत येईपर्यंत थांबायचं.

ही चाचणी न करता सर्व्हर ताब्यात देणाऱ्याच्या कागदावर सही करू नका.