अभिजात मोटारगाडीचे नोंदणी-वजन

परदेशातून आणलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाडीची नव्या देशात नोंदणी करताना शासकीय दप्तरात नमूद कराव्या लागणाऱ्या वजनांना स्थूलमानाने नोंदणी-वजन म्हणता येईल. रिक्त वजन, अनुज्ञेय एकूण वजन व प्रत्येक आसावरील अनुज्ञेय भार ही त्यांपैकी प्रमुख होत. आधुनिक गाडीच्या बाबतीत हे आकडे निर्मात्याच्या प्रमाणपत्रात तयार मिळतात. १९५०–७० या काळातील गाड्यांच्या बाबतीत मात्र ते शोधून, पडताळून व प्रसंगी प्रत्यक्ष मोजून ठरवावे लागतात.

ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष जाणवतो. उदा., इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९५५–६२ या काळात तयार झालेल्या एक लाखाहून अधिक एमजीए गाड्यांपैकी बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विकल्या गेल्या. अशा गाड्या पुढे जर्मनीसारख्या देशांतील हौशी लोकांनी परत यूरोपात आणल्या. अमेरिकेतील मालकीपत्रात वजन असलेच, तर ते पौंडांत असते व अनुज्ञेय एकूण वजनाचा उल्लेख बहुधा नसतो. जर्मनीतील नोंदणीपत्रात मात्र रिक्त वजन (रकाना जी), एकूण वजन (एफ-१ व एफ-२) आणि आसभार (७ व ८) यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. यूरोपीय मान्यता नसलेल्या गाडीची अधिकृत तज्ज्ञाकडून वैयक्तिक तपासणी होते आणि त्याच्या अहवालात हे आकडे द्यावे लागतात.

वजनाचे प्रकार : इंधन, शीतक, वंगण तेल इ. द्रव न धरता केलेले वजन ते शुष्क वजन होय. काही निर्माते यातून जादा चाक व हत्यारेही वगळतात. सर्व द्रवांसह चालविण्यास तयार असलेल्या गाडीचे वजन ते सज्ज वजन. रिक्त वजन ही कायद्याची संज्ञा असून तिची व्याख्या देशपरत्वे बदलते. जर्मन नियमांनुसार मोटारगाडीच्या रिक्त वजनात ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी व ७५ किग्रॅ. वजनाचा चालक धरतात. भारताच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येत नेहमीची साधनसामग्री धरली जाते. पण चालक व परिचर यांचे वजन वगळले जाते.

हा फरक दुर्लक्षणीय नाही. समजा, एका गाडीचे शुष्क वजन १,००० किग्रॅ. आहे. तिच्या ६० लि. टाकीतील ५४ लि. पेट्रोलचे वजन सु. ४० किग्रॅ., शीतकाचे १५, वंगण तेलाचे ७, तर जादा चाक व हत्यारे यांचे १८ किग्रॅ. धरल्यास सज्ज वजन १,०८० किग्रॅ. होते. चालक मिळविल्यास जर्मन रिक्त वजन १,१५५ किग्रॅ. भरते. गाडीचे अनुज्ञेय एकूण वजन १,३०० किग्रॅ. असल्यास सहप्रवासी व सामान यांसाठी १४५ किग्रॅ. उरतात. शुष्क वजनच रिक्त वजन म्हणून नोंदविले, तर कागदोपत्री ३०० किग्रॅ. भार नेता येईल असे दिसेल आणि गाडी नकळत अतिभारित होईल.

एककांचा घोळ : जुन्या ब्रिटिश पुस्तिकांत वजन हंड्रेडवेटमध्ये असते. ब्रिटिश हंड्रेडवेट ११२ पौंडांचा (५०·८ किग्रॅ.), तर अमेरिकन १०० पौंडांचा (४५·४ किग्रॅ.) असतो. त्यामुळे २४ हंड्रेडवेट म्हणजे एका मापाने १,२१९, तर दुसऱ्या मापाने १,०८९ किग्रॅ. होतात. म्हणून पुस्तिका कोणत्या देशातील वाचकांसाठी छापली होती, हे आधी पाहावे लागते.

माहितीची साधने : चालक-पुस्तिका, कार्यशाळा-पुस्तिका, निर्मात्याची विक्रीपत्रके व तत्कालीन नियतकालिकांतील चाचणी-वृत्ते ही प्रमुख साधने होत. चाचणी-वृत्तातील वजन पुष्कळदा प्रत्यक्ष तोललेले असल्याने तुलनेसाठी उपयोगी पडते. शर्यतींसाठीच्या मान्यतापत्रकात किमान वजन दिलेले असल्यामुळे ते रस्त्यावरील गाडीला जसेच्या तसे लावता येत नाही. गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालय देत असलेल्या वारसा-प्रमाणपत्रातून सांगाडा व एंजिन यांचे क्रमांक, मूळ रंग, पाठवणीचे ठिकाण अशी माहिती मिळते. गाडीची ओळख पटविण्यास ते मोलाचे आहे. मात्र वजनाचा पुरावा म्हणून त्यावर विसंबता येत नाही. कोणत्याही साधनातील आकडा कोणत्या स्थितीतील गाडीचा आहे, हे कळल्याशिवाय तो स्वीकारू नये.

तोलन : रिक्त वजन ठरविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रमाणित वजनकाट्यावर गाडी तोलणे. टाकी ठरलेल्या प्रमाणात भरून, जादा चाक जागेवर ठेवून व गाडी समपातळीत उभी करून आधी पुढील व मग मागील आस तोलतात. दोहोंची बेरीज संपूर्ण गाडीच्या वजनाशी ताडून पाहतात. एंजिन बदलले असेल किंवा संरक्षक नळ्यांचा पिंजरा बसविला असेल, तर जुन्या पुस्तिकेपेक्षा काट्याची पावतीच अधिक विश्वसनीय ठरते.

अनुज्ञेय एकूण वजन : हे मात्र तोलून मिळत नाही. आस, स्प्रिंगा, गतिरोधक व टायर किती भार सुरक्षितपणे पेलतील यावर ते अवलंबून असते. म्हणून निर्मात्याची नोंद किंवा त्याच प्रतिमानाच्या, त्या देशात पूर्वी नोंदलेल्या गाडीची कागदपत्रे शोधावी लागतात. टायरवरील भारांकावरून कमाल मर्यादा कळते. उदा., ८४ हा भारांक ५०० किग्रॅ. दर्शवितो, तेव्हा अशा दोन टायरांच्या आसावर १,००० किग्रॅ.हून अधिक भार चालणार नाही. तथापि टायर सक्षम असले, तरी मूळ गतिरोधक तितके सक्षम असतीलच असे नाही. सर्वांत दुर्बल भागाची क्षमता हीच गाडीची मर्यादा होय.

काही देशांत वजनाचा करांशीही संबंध येतो. जपानमध्ये १९७१ पासून मोटारगाड्यांवर वजन-कर असून त्याचे टप्पे अर्ध्या टनाचे आहेत. अशा ठिकाणी टप्प्याच्या सीमेजवळील गाडीच्या बाबतीत थोड्या किलोग्रॅमांची चूकही दरवेळी भुर्दंड ठरते.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद करण्यात आली. तीत आयात केलेल्या गाड्यांचाही समावेश असून त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे असतात. अशा गाडीसोबत परदेशी नोंदणीपत्र आले, तरी त्यातील रिक्त वजन भारतीय व्याख्येशी जुळतेच असे नाही. जर्मन पत्रातील आकड्यातून निदान चालकाचे ७५ किग्रॅ. वजा करावे लागतील.