होळकरांची कॅराव्हॅन आणि आजचा आलिशान ट्रेलर

इंदूर संस्थानचे अधिपती दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा तर सिद्ध करून घेतलाच, परंतु रेल्वेचा खास डबा व शिकारीच्या मुक्कामासाठी कॅराव्हॅन यांचे आराखडेही त्याच्याकडूनच करविले. माणिकबागेतील लाल कृत्रिम चामड्याच्या आरामखुर्च्यांच्या अंगातच वाचनाचे दिवे बसविलेले होते. जागेची व साहित्याची ही काटेकोर जाण फिरत्या घराला राजवाड्याहूनही अधिक आवश्यक, असे माझे ठाम मत आहे.

याच नजरेने आजच्या, ट्रकच्या मागील चाकांवर आपला पुढचा भार टेकवून चालणाऱ्या ‘फिफ्थ-व्हील’ ट्रेलरची पारख करताना आधी सांगाडा पाहावा. लाकडी सांगाडा स्वस्त व दुरुस्तीस सोपा, मात्र पाणी मुरले की कुजतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर फायबरग्लास चिकटवून केलेली भिंत वजनाला हलकी, पण तिचे चिकटकाम सुटले तर पृष्ठभागाला फुगे येतात. छताच्या सांध्यांतील लांबी दरवर्षी तपासावीच, कारण माळव्याच्या उन्हाळ्यात ती तडकते आणि आषाढात गळती लागते.

अंतर्भागाची खरी परीक्षा एखादा खण पूर्ण बाहेर ओढून होते: कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत गुंफलेले आहेत की फळ्या नुसत्या पिना मारून जोडल्या आहेत, आणि दर्शनी पट्टी सागवानी आहे की भुशाच्या फळीवर लाकडाचे चित्र छापलेला कागद, हे तेथे तत्काळ उघड होते.