शिंका थांबाव्यात, पण झोप येऊ नये: अ‍ॅलर्जीची गोळी घेताना स्ट्रिपवर काय वाचायचं?

पाऊस ओसरला की नाशिकची हवा मस्त होते. सकाळी गोदापार्कवर फिरायला गर्दी होते आणि त्याच गर्दीतले काही जण सलग दहा-दहा शिंका देत घरी परततात. नाक गळतंय, डोळे खाजतायत, टाळूला आतून खाज सुटलीये. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन आपण एकच वाक्य बोलतो, "दादा, सर्दीची गोळी द्या."

गोळी मिळते, शिंकाही थांबतात. पण अकराच्या लेक्चरला डोळे मिटायला लागतात. सातपूर-अंबडला शिफ्टला जाणाऱ्याला गाडी चालवतानाच झापड येते. हा दुसरा त्रास पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे. आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. कसा, ते पाहूया.

हे फिव्हर म्हणजे नेमकं काय?

नावात फिव्हर असलं तरी यात ताप येत नाही. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्लिश डॉक्टरने स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणारा हा त्रास पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. तो वाळलेल्या गवतामुळे होतो असं तेव्हा लोक समजत, म्हणून हे नाव पडलं. खरं कारण गवताच्या फुलांतले परागकण आहेत, हे १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. डॉक्टर आता याला अ‍ॅलर्जिक रायनायटिस म्हणतात.

आपल्याकडे यातला एक मोठा आरोपी म्हणजे गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची पहिल्यांदा ठळक नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. मोकळे प्लॉट, रेल्वे रुळांच्या कडा, शेताचे बांध, सगळीकडे ती बारीक पांढरी फुलं दिसतात. पावसात ते जोमाने वाढतं, म्हणून पाऊस संपता संपता अनेकांचं नाक वाहायला लागतं. घरातली धूळ आणि बुरशीही असाच त्रास देतात.

साधी सर्दी की अ‍ॅलर्जी, हे ओळखायला तीन खुणा बघा. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो, डोळे-नाक खाजतं पण ताप नसतो, आणि दरवर्षी त्याच दिवसांत किंवा त्याच जागी गेल्यावर त्रास होतो.

गोळी घेतल्यावर झोप का येते?

परागकण नाकात गेले की आपलं शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं. शिंका, खाज, पाणी हे सगळं त्याचंच काम. अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामिनला रोखते, म्हणून तिला अँटीहिस्टामिन म्हणतात.

गंमत अशी की हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं काम करतं. गोळी मेंदूत शिरली की तिथलं हिस्टामिनही अडतं आणि झोप येते.

मेंदूभोवती एक नैसर्गिक फायरवॉल असते, तिचं नाव ब्लड-ब्रेन बॅरियर. जुन्या गोळ्या ही भिंत सहज ओलांडतात. नव्या गोळ्यांपैकी काही जेमतेम ओलांडतात, तर काहींना ही भिंत आत येताच बाहेर ढकलते. म्हणून एकाच त्रासावरच्या दोन गोळ्यांपैकी एकीने माणूस पेंगतो आणि दुसरीने नाही.

स्ट्रिपवर कोणतं नाव शोधायचं?

मोठ्या अक्षरातलं नाव ब्रँडचं असतं, ते बाजूला ठेवा. त्याखाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, ते वाचा.

• क्लोरफेनिरामिन (सीपीएम), फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन: या जुन्या पिढीच्या गोळ्या, हमखास गुंगी आणणाऱ्या. 'सर्दी-तापाच्या' अनेक मिश्र गोळ्यांत सीपीएम असतं. त्याचा अंमल बराच वेळ टिकतो. म्हणजे रात्री घेतली तरी सकाळी डोकं जड राहू शकतं.

• सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन: नव्या पिढीच्या, पण अर्ध्या वाटेवरच्या. अमेरिकेतल्या चाचण्यांत १० मिलिग्रॅम सेटिरिझिन घेणाऱ्या १०० पैकी साधारण १४ जणांना झोप आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ होतं. म्हणजे बहुतेकांना त्रास होत नाही, पण तुम्ही त्या चौदांत असाल तर ही गोळी दिवसा तुमच्या कामाची नाही.

• लोराटाडिन, डेस्लोराटाडिन: नेहमीच्या डोसमध्ये झोप क्वचितच येते.

• फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन: मेंदूत जवळजवळ शिरतच नाहीत. दिवसा अभ्यास, गाडी किंवा मशीनवर काम असेल तर डॉक्टरांना यांच्याबद्दल जरूर विचारा.

पण या दोन्हींचे नियम आहेत. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबतच घ्यायची. संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेतली तर ती शरीरात कमी शोषली जाते. (ग्रेपफ्रूट म्हणजे आपली नाशिकची द्राक्षं नव्हेत. ते पपनसाच्या जातीचं फळ आहे.) अ‍ॅसिडिटीचं औषध घेत असाल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन रिकाम्या पोटी घेतात, म्हणजे खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी.

एक सूचना मात्र नीट वाचा. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन ही नावं 'सर्दीची गोळी' म्हणून आपल्याकडे सर्रास मिळतात. लेव्होसेटिरिझिनसोबत मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळीही फार चालते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, अगदी आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधं चालली नाहीत तरच ती वापरावी, असंही सांगितलं. त्यामुळे मित्राच्या स्ट्रिपमधली जोडगोळी मनानेच घेऊ नका. डॉक्टरांनी आधीच दिली असेल, तर ती बंद करण्याआधी त्यांच्याशी बोला.

"मला तर झोप येत नाही!"

हे वाक्य फसवं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्या ४० वाहनचालकांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवलं. २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी फेक्सोफेनाडिन, डायफेनहायड्रामिन, दारू आणि औषध नसलेली गोळी घेऊन गाडी चालवली. सर्वांत वाईट ड्रायव्हिंग डायफेनहायड्रामिन घेतल्यावर झालं, दारूपेक्षाही वाईट. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर मात्र फरक पडला नाही.

आणखी महत्त्वाचं म्हणजे, कोणाला किती झोप येतेय असं वाटत होतं, त्यावरून त्याचं ड्रायव्हिंग किती बिघडलंय हे कळत नव्हतं. म्हणजे जांभई आली नाही तरी ब्रेक उशिरा लागू शकतो. द्वारका चौकातल्या गर्दीत किंवा कसारा घाटाच्या वळणावर तेवढा उशीर पुरेसा आहे.

म्हणून कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घ्याल तेव्हा घरी असताना, सुट्टीच्या दिवशी घ्या. जुन्या पिढीची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. कोणत्याही गोळीसोबत दारू नकोच.

गोळीशिवायही उपाय आहेत

नाक सतत चोंदत असेल तर गोळीपेक्षा नाकातला स्टेरॉइड स्प्रे जास्त उपयोगी पडतो. त्यातली फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही नावं ओळखा. 'स्टेरॉइड' शब्दाने घाबरू नका. औषध मुख्यतः नाकातच काम करतं, आणि झोप येत नाही. पण हा स्प्रे एका दिवसात जादू करत नाही. पूर्ण फरक पडायला काही दिवस ते दोनेक आठवडे रोज मारावा लागतो. मारताना डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा हात वापरा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते मिनिटांत नाक मोकळं करतात, पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं आणि सवय लागते.

अजीने सांगितलेली जलनेतीही कामाची आहे. मिठाच्या कोमट पाण्याने परागकण धुऊन निघतात. फक्त पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. बाहेरून आल्यावर तोंड धुणं, कपडे बदलणं आणि गाडीवर मास्क-चष्मा लावणं यांनीही फरक पडतो.

फोनचा उपयोग कसा कराल?

१. स्ट्रिपचा फोटो काढा. मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव बऱ्याचदा दुसऱ्या तुकड्यावर राहतं. कापायच्या आधीच फोटो घ्या. अक्षरं बारीक असतील तर गुगल लेन्सने वाचा.

२. जनऔषधी सुगम अ‍ॅप बघा. घटकाच्या नावाने शोधलं की जेनेरिक औषध आणि त्याची किंमत दिसते, जवळचं जनऔषधी केंद्रही सापडतं.

३. त्रासाची नोंद ठेवा. नोट्समध्ये तारीख, जागा, कोणती गोळी, झोप आली का, एवढं लिहा. पंधरा दिवसांची नोंद डॉक्टरांना दाखवली की तपासणी सोपी होते.

४. एक्यूआयवर विसंबू नका. 'समीर' अ‍ॅपवर हवेची गुणवत्ता दिसते, पण तो आकडा पीएम २.५ सारख्या प्रदूषकांचा असतो. परागकण त्यात मोजले जात नाहीत. हवा हिरव्या रंगात असली तरी शिंका येऊ शकतात.

५. स्प्रेसाठी रोजचा अलार्म लावा. विसरला की परिणाम मागे पडतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

छातीत घरघर, श्वास लागणं, एकाच बाजूने नाक बंद, चेहऱ्यात दुखणं, ताप किंवा पिवळा-हिरवा शेंबूड असेल तर मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात, किडनीचा आजार असेल, लहान मुलांना द्यायची असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर आधी विचारूनच गोळी घ्या.

आणि पुढच्या वेळी मेडिकलमध्ये "सर्दीची गोळी द्या" असं म्हणू नका. "यात कोणता घटक आहे? मला आत्ता गाडी चालवायची आहे," असं विचारा. तेवढ्या एका प्रश्नाने नाकही मोकळं राहील आणि डोळेही उघडे.