हॉपच्या जातींची पारख

हॉप ही थंड मुलखांतील वेल होय. तिला उन्हाळ्यांतील मोठा दिवस मानवतो; म्हणून महाराष्ट्रांत हें पीक नाहीं. आपल्या देशांत हिमाचल प्रदेशांतील लाहौल खोऱ्यांत तें घेतात. तथापि घरीं बिअर करण्यास इंग्लंडांत १९६३ पासून परवाना लागत नाहीं व अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें मोकळीक मिळाली. तेथील हौशी मंडळी हॉपची जात ज्या रीतीनें पारखतात, ती कोणाही बागायतदारानें समजून घेण्याजोगी आहे.

हॉपच्या मादी वेलीस शंकूच्या आकाराचीं फुलें येतात. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशीं पिवळी, चिकट पूड असते. तिच्यांत कडू राळ व सुगंधी तेल असें दोन्ही असतें. मोड आणून वाळविलेल्या जवाच्या गोड काढ्यांत फुलें तासभर उकळलीं म्हणजे राळेचा कडूपणा उतरतो. परंतु तेल वाफेबरोबर उडून जातें. सुवासासाठीं फुलें अखेरीस पुन्हा घालावीं लागतात. पुष्कळशा बिअरमध्यें दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. त्यामुळें कोणता गुण कोणत्या जातीचा हें जिभेस कळत नाहीं. यास्तव एकाच जातीची बिअर करून ती चाखावयाची.

त्याची कृति अशी : एकाच काढ्याचे सारखे भाग करावे. यीस्ट, उष्णमान व उकळण्याचा वेळ एकच ठेवून फक्त हॉपची जात बदलावी. बोहेमियांतील साझ जातींत कडू राळेचें मुख्य द्रव्य शेंकडा ३ ते ४, तर अमेरिकेंतील सिट्रा जातींत ११ ते १३ असतें. म्हणून कडूपणासाठीं सिट्रा साझच्या सुमारें एकतृतीयांश वजनानेंच घालावी. नाहींतर कडूपणाचाच फरक जातीचा फरक भासेल. अखेरच्या फुलांचें वजन मात्र सारखें ठेवावें. चाखतांना पेल्यांवर नांवें न लिहितां आंकडे लिहावे. आधीं वास घ्यावा, मग लहान घोट घ्यावा, मध्यें पाण्यानें चूळ भरावी, आणि शेवटीं पहिला पेला पुन्हा चाखून आपलेंच मत ताडून पाहावें.

स्कॉटलंडांतील ब्रूडॉग कारखान्यानें २०११ सालीं याच तत्त्वावर चार प्रकारची बिअर विक्रीस काढली. सिट्रामध्यें आंबा व लिंबाचा, न्यूझीलंडच्या नेल्सन सॉव्हिनमध्यें पांढऱ्या द्राक्षांचा, जपानी सोराची एसमध्यें लिंबू व शेपूचा, तर इंग्लंडच्या ब्रॅम्लिंग क्रॉसमध्यें काळ्या करंट फळांचा वास येतो.

यांपैकीं दोन जातींची हकीकत बोधप्रद आहे. ब्रॅम्लिंग क्रॉस ही प्रो. सॅमन यांनीं केंट परगण्यांतील वाय कॉलेजांत १९२७ मध्यें कॅनडांतील रानटी हॉपच्या संकरानें निर्माण केली. तिचा वास तेथील बिअर करणाऱ्यांस पुष्कळ काळ रुचला नाहीं. १९८४ सालची सोराची एस जपानांत मागें पडली. पुढें अमेरिकेंतील याकिमा खोऱ्यांत लागवड होऊन तिला गिऱ्हाईक मिळालें. जो वास कालपर्यंत दोष गणला गेला, त्यालाच आज मोल आलें.

हॉपचा मळा एकदां लावला म्हणजे दहा-पंधरा वर्षें उभा राहतो, व उंच खांब-तारांचा खर्च आरंभींच करावा लागतो. जात चुकली तर नुकसानहि तितकेंच दीर्घ. म्हणून पीक कोणतेंहि असो, उताऱ्याचा आंकडा पाहून थांबूं नये. जात एकटी, सारख्या कसोटीवर आणि खाणाऱ्या-पिणाऱ्याच्या जिभेनें पारखावी, मगच जमिनींत लावावी.