मूळ पान कोणाचे?

चित्रकथेचे मूळ पान म्हणजे छपाईसाठी पेन्सिलीने आणि शाईने काढलेला एकमेव कागद. रेषा कोणाची, कोणते पात्र प्रथम अवतरले, यावरून संग्राहक त्याचे मोल ठरवतात. १९८४ सालच्या एका पानावर स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखाचा उगम दिसतो. २०२२ मध्ये ते अमेरिकेत ३३ लाख ६० हजार डॉलरांना गेले.

पण मालकी कोणाची? जॅक कर्बी हे न्यूयॉर्कच्या एका कापड-कामगाराचे पुत्र. मार्व्हल कंपनीसाठी त्यांनी हजारो पाने काढली. मजुरी पानागणिक, मूळ चित्रे कंपनीपाशी. १९८४ मध्ये कंपनीने ८८ पाने देऊ केली, तीही चार पानी हक्कसोडपत्रावर सही केल्यास. इतरांना एकच पान पुरत होते! ही कसली मेहेरबानी? चित्रकारांनी जाहीर निषेध केला, तेव्हा १९८७ मध्ये सुमारे १९०० पाने परत मिळाली. गहाळ झालेली कित्येक पाने तोवर बाजारात विकली जात होती.