अप्रामाणिक कोणाला म्हणावे?

‘चारसो बीस’ हा शब्द आपण लबाड माणसासाठी इतक्या सहजपणे वापरतो की तो एका कलमाचा क्रमांक आहे हे विसरून जातो. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता गेली आणि फसवणुकीचे कलम न्याय संहितेत ३१८ झाले. बोलण्यात मात्र ४२०च राहील. त्या जुन्या संहितेचे २४वे कलम मी पुन्हापुन्हा वाचले आहे. एकाला गैर लाभ किंवा दुसऱ्याला गैर हानी व्हावी या हेतूने केलेले कृत्य ते ‘अप्रामाणिकपणे’ केलेले, अशी सरळ व्याख्या तिथे आहे. मेकॉलेच्या मसुद्यातून घडलेल्या संहितेने हा शब्द आपल्यासाठी असा बांधून दिला. त्याच्या स्वतःच्या देशात, इंग्लंडात, तो आजही मोकळा आहे.

तिथल्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता कायमची हिरावण्याच्या हेतूने अप्रामाणिकपणे घेणे. पण अप्रामाणिक म्हणजे काय? कायदा फक्त काय अप्रामाणिक नाही तेवढे सांगतो. वस्तूवर आपला कायदेशीर हक्क आहे, मालकाने संमती दिली असती किंवा रास्त प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही, असे मनापासून वाटत असेल तर चोरी नाही. पुढचे सारे ज्यूरीवर सोडलेले. १९७३च्या फीली खटल्यात पैजा स्वीकारणाऱ्या दुकानाच्या व्यवस्थापकाने मनाई असताना गल्ल्यातून तीसएक पौंड उचलले होते. दुकानच उलट त्याचे देणे लागत होते. हे अप्रामाणिक की नाही, ते सामान्य सभ्य माणसांच्या मापाने ज्यूरीने ठरवावे, असे अपील न्यायालय म्हणाले.

खरी पंचाईत इथून सुरू होते. माप समाजाचे, पण आरोपीला ते ठाऊकच नसेल तर? १९८२ साली घोष नावाच्या शल्यचिकित्सकाचे प्रकरण आले. बदली डॉक्टर म्हणून काम करताना, स्वतः न केलेल्या शस्त्रक्रियांचे पैसे मागितल्याचा आरोप होता. पैसे सल्ल्यापोटी देयच होते, हा बचाव. त्याचे अपील फेटाळले गेले, पण जाताजाता न्यायालयाने दुपदरी कसोटी दिली. कृत्य सामान्य लोकांच्या मापाने अप्रामाणिक हवे, आणि लोक ते तसे मानतात याची आरोपीला जाणीवही हवी. त्या निकालात एक परदेशी प्रवासी येतो. त्याच्या देशात बस फुकट असते, म्हणून तो लंडनच्या बसमध्ये तिकीट काढत नाही. याला चोर म्हणायचे का, असा तो प्रश्न होता.

ही कसोटी पस्तीस वर्षे चालली. मला ती माणुसकीची वाटे, आणि थोडी धोक्याचीही. कारण जितका निगरगट्ट माणूस, तितकी त्याची सुटका सोपी. मधल्या काळात या एका शब्दावरचा भार फार वाढला. २००६च्या फसवणूकविषयक कायद्याने जुने गुन्हे काढून एकच गुन्हा ठेवला. तो तीन वाटांनी घडतो: खोटे सांगणे, सांगण्याचे कायदेशीर बंधन असताना दडवणे आणि विश्वासाच्या पदाचा गैरवापर. यात कुणी प्रत्यक्ष फसलेच पाहिजे असे नाही, कुणाला नुकसान झालेच पाहिजे असेही नाही, हेतू पुरतो. शिक्षा मात्र दहा वर्षांपर्यंत. म्हणजे चलाख सौदा आणि तुरुंग यांच्यामधली भिंत बरीचशी ‘अप्रामाणिकपणे’ या व्याख्येविना राहिलेल्या शब्दाची.

घोष कसोटी मोडली ती पत्त्यांच्या टेबलावर. २०१२च्या ऑगस्टमध्ये फिल आयव्ही हा व्यावसायिक जुगारी लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबमध्ये पुंतो बांको खेळून सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना तंतोतंत सारखी नव्हती. त्याच्या जोडीदारणीने, अंधश्रद्धेचे निमित्त सांगून, पत्ते वाटणारीकडून भारी पत्ते उलट दिशेने फिरवून घेतले. आयव्हीने पत्त्याला हातही लावला नाही. क्लबने पैसे अडवले, त्याने दावा लावला. आपण फसवणूक करत नाही असे त्याला खरोखर वाटत होते, हे न्यायालयांनी मान्य केले. तरीही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरवले. ही तर फसवणूकच, म्हणाले, आणि घोष कसोटीचा दुसरा पदर चुकीचा होता. दावा दिवाणी असल्याने हे मत फौजदारी न्यायालयांवर बंधनकारक आहे का, यावर काथ्याकूट झाला. २०२० साली अपील न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो मिटवला.

आता आरोपीला खरोखर काय ठाऊक होते, त्याचा काय समज होता, ते आधी पाहतात. मग त्या समजासकट केलेले कृत्य सामान्य सभ्य माणसांच्या मापाने तोलतात. त्याचे स्वतःचे नैतिक माप विचारले जात नाही. निकाल तर्काला धरून आहे. तरी मला एक खटकते. सामान्य सभ्य माणूस एकच आहे, हे यात गृहीत धरले आहे. कचेरीतली पेने घरी नेणे एका ज्यूरीला किरकोळ वाटेल, दुसऱ्या ज्यूरीला चोरी.

बसमधला तो परदेशी प्रवासी मात्र नव्या कसोटीतही सुटतो. बस फुकट आहे हा त्याचा समज पहिल्याच पायरीवर जमेस धरला जातो, आणि तसा समज असलेल्या माणसाने तिकीट काढले नाही तर त्याला कुणी लबाड म्हणत नाही. रॉबिन हूड तेवढा अडकतो.